कुणालाही म्हणजे परक्याला

मंगळवार, नऊ तारीख
दुपारचे दोन

धाकटे,

तुला आशीर्वाद आणि पोरीच्या गालाला हात लावून सांग, मावशीने पाठवलाय म्हणून. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही तिकडे ठीक असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू ठीक नाहीस हे मला ठाऊक आहे. मी ठीक आहे की नाही ते पत्र वाचून झाल्यावर तुझं तू ठरव.

आधी एक सांगते. हे पत्र एकटीने वाच. पोरीकडून वाचून घेऊ नकोस. हात प्लॅस्टरात आहे, डोळे नाहीत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तुला ते लहानपणापासून लागतं. चौथीत शाळा सुटली ती सुटली, आता पन्नाशीला काय सुधारणार?

तुझं पत्र वकीलबाईंनी शुक्रवारी हातात दिलं. आत बोलावलं, दार लावून घेतलं, मग कपाटातून काढलं. पाकिटावर तिकीट नाही, शिक्का नाही, काही नाही. उघडलं आणि बघते तर अक्षर पोरीचं. गोल गोल, एकेक अक्षर बसवून काढलेलं. "आईचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे म्हणून आई सांगते आणि मी लिहिते." वकीलबाई मला एवढंच बोलल्या होत्या की हाताला लागलंय. लागलंय म्हणजे मी समजले खरचटलं असेल, सुजलं असेल. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात, तोही दोन ठिकाणी, आणि ते अकरा वर्षांच्या पोरीने शुद्धलेखन सांभाळून लिहायचं. मी तिथेच बसले. वकीलबाईंनी पंखा वाढवला.

पुढे तू लिहिलंयस ते माझं पाठ झालंय. तीन वर्षांपूर्वी घर सोडलंस तेव्हा ताईला पत्ता दिला नाही ही तुझी चूक झाली म्हणे. ज्यांच्याकडे विश्वासाने दिला त्या सरकारी लोकांना तो सांभाळता आला नाही, आणि जिला दिला नाही तिचा काही दोष नव्हता. म्हणून या वेळी नव्या जागेचा पत्ता वकीलबाईंच्या खालोखाल फक्त ताईला. मी नुसतं हो म्हणायचं, वकीलबाई तोंडी सांगतील.

वकीलबाई समोर बसून माझ्या 'हो'ची वाट बघत होत्या. मी म्हटलं, उत्तर लिहून देते. त्यांना वाटलं मला भरून आलंय. तसं समजू दिलं मी त्यांना. खोटं सांगायची गरजच पडत नाही कधीकधी. समोरचा आपणहून समजून घेतो आणि आपण गप्प राहायचं.

ते उत्तर या पत्रात आहे. पण आधी बाकीचं.

ऑफिसचं सांगते. आमच्या कॉम्प्युटरमधून गावाची यादी चोरीला गेली हे तुला माहीतच आहे. चौदा हजार नावं, फोन, घराचे नंबर. गेल्या महिन्याच्या पंधरा तारखेला कळलं. मी अकरा वर्षं त्या ऑफिसात झाडलोट करते, पाणी भरते, सकाळी कुलपं काढते, पण इतकी माणसं एकदम आलेली मी कधी पाहिली नव्हती. रांग जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर. जो तो विचारतो, माझं काय काय गेलं? एक आजोबा म्हणाले, माहिती चोरीला गेली म्हणजे आता मला सगळे फॉर्म पुन्हा भरायचे का? एक बाई खिडकीशी वाकून साहेबांना सांगत होती, माझं खरं वय त्यात लिहिलंय हो, आता गावभर होणार. मी म्हटलं, बाई, गावाला ते तुमच्याआधीपासून माहीत आहे. रांगेत हसू फुटलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बादली उचलून आत गेले.

पण एक म्हातारा होता, तो काही हसला नाही. त्याला कुणाचा तरी फोन आला होता. फोनवरच्या माणसाने त्याचं नाव घेतलं, बायको कधी गेली ते सांगितलं, आणि हा त्याच्याशी पाऊण तास बोलत बसला. विचारलं ते सगळं सांगून मोकळा. "बाई, मला नावाने हाक मारली त्यानं," म्हणाला. "घरी आता कोण मारतं?" त्याला मी खुर्ची दिली. दुसरं काय देणार?

मग वरून एक माहिती सांभाळायला शिकवणारे आले. तरणेच होते, गळ्यात पट्टा. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, आम्हा झाडूवाल्यांनाही. पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका म्हणाले. दुसऱ्याला सांगू नका. ज्याचं काम नाही त्याने दुसऱ्याची नोंद उघडून बघायची नाही, अगदी शेजाऱ्याची, नातेवाइकाची सुद्धा नाही, मन कितीही ओढलं तरी. आमचे कारकून जांभया देत होते. मी पदराचं टोक पिळत बसले होते.

तुला माफीचं पत्र आलं ना ऑफिसचं? तुमची माहिती सुरक्षित ठेवण्यात आम्ही कमी पडलो, असं काहीतरी. तू पोरीला सांगून ते तुझ्या पत्रात उतरवून घेतलंयस. ती पत्रं मीच पाकिटात भरली, धाकटे. दोन दिवस बसून. साहेबांची पाचावर धारण बसलेली, म्हणून विचारपूस न करता सरसकट सगळ्या गावाला पाठवून दिली. ज्यांचं गेलं त्यांना, ज्यांचं नाही गेलं त्यांनाही.

तुझं नव्हतं गेलं.

चोरीला गेली ती घरमालकांची यादी. भाडेकरूंची नोंद निराळी असते, तिला कुणी हात लावलेला नाही, असं तपासात निघालं. आणि तो, तुझा नवरा, तुझ्या जिन्यात बारा तारखेला येऊन उभा राहिला. चोरी झाली चौदाच्या रात्री. वकीलबाईंना अजून हे कळलेलं नाही. मला पंचवीस तारखेपासून माहीत आहे.

चहा उकळून गेला, ओटा पुसून आले. तुझे भावजी विचारतात किती झालं लिहून. म्हटलं, अजून चोरापर्यंत आलेय, पुढे जायचंय. त्यांना शनिवारी सगळं सांगितलं मी. एवढंच म्हणाले, "तिला कळू दे. पण तुझ्या हातून कळू दे." आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. चांगली स्वच्छ सायकल.

बरं. ऐक आता.

आमच्याकडे खिडकीवर एक मुलगी बसायची, चष्मेवाली म्हणतात तिला सगळे. गुणाची पोर. ती लांबून बसने येते, नऊच्या ठोक्याला पोचते, आणि तिचा कॉम्प्युटर म्हणजे म्हाताऱ्या बैलासारखा, उठायला वीस मिनिटं घेतो. तोवर रांग ओरडायला लागते. मी आठच्या आधी ऑफिस उघडते. म्हणून तिने मला शिकवून ठेवलं, मावशी, तुम्ही आल्या आल्या बटण दाबा आणि एवढं टाकून ठेवा. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली. इंग्रजी मला कुठलं येतंय? पण आकार कळतात. तंबू, साप, शिडी, पुन्हा तंबू, आणि मग चार आकडे. आता तो बदललाय म्हणून लिहिते. पहिल्यांदा पडदा उघडला तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू. अकरा वर्षं मी त्या टेबलावरची धूळ पुसत होते, आता टेबल माझं ऐकत होतं. घरी येऊन भावजींना तीनदा सांगितलं.

रोज बघून बघून हेही कळलं की माणसाची नोंद कशी निघते. चष्मेवाली आलेल्याला विचारायची, जन्मतारीख सांगा. तेवढे आकडे टाकले की नावं येतात, त्यातलं आपलं निवडायचं.

आणि तुझी जन्मतारीख माझ्याशिवाय कुणाला तोंडपाठ असणार? मीच तर ठरवली ती. तुला शाळेत घालायला आईला सवड नव्हती, मी तुला कडेवर घेऊन गेले. मास्तर म्हणाले, तारीख सांग. घरात कुणी लिहून ठेवलेलीच नव्हती. भिंतीवर कॅलेंडर होतं, मार्चचं पान, आणि माझ्या डोळ्यासमोर सहाचा आकडा. मी म्हटलं, सहा मार्च. मास्तरांनी साल हिशेबाने लावलं. तेव्हापासून तू सहा मार्चची.

थंडीचे दिवस होते. सकाळचे आठ वाजायचे होते, ऑफिसात मी एकटी. आदल्या दिवशी बाजारात एक बाई पाठमोरी दिसली, तुझ्यासारखी मान वाकडी करून चालणारी, मी अर्धा रस्ता तिच्या मागे गेले. तू नव्हतीस. दोन वर्षं आठ महिने तुझा आवाज ऐकलेला नव्हता. वकीलबाईंकडून महिन्याला एक निरोप, बरी आहे. बरी आहे म्हणजे काय? खाते काय, झोपते कुठे, पोर शाळेत जाते की नाही? मी तुला वाढवलंय. तू गावातच आहेस की सातासमुद्रापार, हेही मला कुणी सांगेना.

मी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि सहा मार्च टाकलं.

चार नावं आली. तिसरं तुझं. उघडलं तर वर लाल अक्षरांत एक ओळ होती. मराठीत होती, मी बोट ठेवून वाचली. "या रहिवाशाची माहिती कुणालाही देऊ नये." एकदा वाचली, दोनदा वाचली. मला ती ओळ कळली नाही असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, कुणालाही म्हणजे परक्याला. मी का परकी? मी बहीण. ती ओळ माझ्यासाठी कुणी लिहिली नसेल.

पत्ता खाली होता. नदीपलीकडे, छापखान्याच्या वर, दुसरा मजला. आपल्याच गावात, धाकटे. माझ्या घरापासून चाळीस मिनिटं पायी.

त्या रविवारी मी आलेही होते. तुला कधी सांगणार नव्हते. छापखान्यासमोर चांभार बसतो ना, त्याच्याकडे चप्पल दिली. चांगली चप्पल, काही झालेलं नव्हतं तिला. तो उलटीसुलटी करून म्हणाला, बाई, हिला काय शिवू? मी म्हटलं, तुला काय करायचंय, टाका घाल. त्याने घातले बिचाऱ्याने, अगदी सावकाश. तोवर मी वर बघत होते. तू खिडकीत आलीस, निळा झगा झटकलास, दोरीवर टाकलास, आणि आत कुणाला तरी बघून हसलीस. वाळलीस किती. पण हसलीस. खालून छापखान्याचा आवाज चालू होता, मी हाक मारली असती तरी पोचली नसती. मारली नाही. तेवढी अक्कल होती मला. तेवढीच होती.

घरी जाताना वाटलं, बस, आता आयुष्यभर पुरेल.

(काल इथपर्यंत लिहिलं आणि उठले. आज बुधवार, सकाळ. आज संपवतेच.)

गेल्या महिन्याची नऊ तारीख. तो आमच्या ऑफिसात आला.

केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, हातात प्लॅस्टिकची फाइल. रांगेत नीट उभा राहिला. मला बघून हात जोडले, ताई, कशा आहात. मी फडकं पिळत राहिले. तो जवळ आला आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागला. मोठ्याने बोलला असता तर मी त्याला झाडूने बाहेर काढला असता, आणि तू आज उजव्या हाताने जेवत असतीस. पण हळू बोलला. फाइलमधून एक फॉर्म काढला. तुझं नाव, पोरीचं नाव, आणि वर छापलेलं, व्यक्ती बेपत्ता, हयात नसल्याची शक्यता. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा मोकळी.

म्हणाला, "ताई, तीन वर्षं झाली. जिवंत असती तर जगाला नाही, पण तुम्हाला तरी कळवलं असतं. सख्ख्या बहिणीला कळवत नाही माणूस, म्हणजे काय समजायचं? एक तर ती नाही, नाही तर तुम्ही तिच्या कुणी नाही."

मी फॉर्म त्याच्या हातातून ओढला आणि फाडला. आणि म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. नदीपलीकडे छापखान्याच्या वर राहते ती. तुझ्या नाकावर टिच्चून राहते."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. खाली वाकून फॉर्मचे तुकडे गोळा केले, फाइलमध्ये घातले आणि गेला. मला तर वाटलं मी जिंकले. खरंच वाटलं. त्या दिवशी जिनासुद्धा जोरात धुतला.

दुपारी फॉर्मचं कपाट झाडताना हात थांबला. आमच्याकडचा एकूण एक फॉर्म मला रंगावरून ओळखू येतो. सगळे खण काढले. तसला फॉर्मच नाही आमच्याकडे. तो कुठून तरी छापून घेऊन आला होता. त्याला माझी जीभ माहीत होती, धाकटे. तुलाही माहीत होती, म्हणून तर तू पत्ता दिला नव्हतास. गावात फक्त मलाच माहीत नव्हती.

आणि तेव्हा, त्या दुपारी, वकीलबाईंकडे पळत जायला हवं होतं. तीन दिवस होते हातात. मी गेले नाही. गेले असते तर विचारलं असतं, तुम्हाला पत्ता कसा कळला? मी स्वतःला समजावलं की तो नुसताच बोलून गेला, येतोय कसला. छापखाना काय एकच आहे गावात? एकच आहे. मला माहीत होतं एकच आहे.

लोक म्हणतात जिभेला हाड नसतं. माझ्या जिभेला नव्हतंच, मोडलं ते तुझ्या हाताचं.

मी तुझी बाजू घेऊन त्याच्याशी भांडले असं भावजींना सांगताना म्हणाले होते. रात्री माझं मलाच कळलं, ते खरं नाही. तो म्हणाला तुम्ही तिच्या कुणी नाही, तिथे मला लागलं. मी माझी बाजू घेऊन बोलले. तुझा पत्ता दाखवून मी त्याला माझं नातं दाखवलं.

पुढचं थोडक्यात लिहिते, नाही तर वाटेल मी स्वतःची कौतुकं सांगतेय. चोरीचा तपास करायला वरून दोन माणसं आली. त्यांना कॉम्प्युटरच्या पोटात सापडलं की थंडीत एका सकाळी आठला पाच कमी असताना लाल ओळीची एक नोंद उघडली गेली होती, चष्मेवालीच्या पासवर्डने. पोरीने शपथा घेतल्या, मी तेव्हा बसमध्ये होते. कुणी ऐकलं नाही. गेल्या बुधवारी तिला घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच पाण्याचे पेले भरत होता. पाच दिवस मी पेले भरले, धाकटे. तुझं पत्र आलं नसतं तर अजून किती भरले असते कुणास ठाऊक. तू त्यात लिहिलंस, ताईचा दोष नव्हता. ते वाचल्यावर मला घास गिळवेना.

परवा, सोमवारी, मी साहेबांच्या खोलीत गेले. तपासाची दोन्ही माणसं बसली होती, चष्मेवालीलाही सही करायला बोलावलं होतं. मी म्हटलं, ती नोंद मी उघडली. त्यातला एक हसला. वाईट माणूस नव्हता, पण हसला. म्हणाला, "मावशी, या पोरीला वाचवायला निघालात का? तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

पासवर्ड तोवर बदललेला. मी म्हटलं, जुना असता तर दाखवलं असतं. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, कागदावर काढा. मी काढले. तंबू, साप, शिडी, तंबू, चार आकडे. खाली लिहिलं सहा मार्च. मग ती लाल ओळ म्हणून दाखवली, जशीच्या तशी. कुणी हसलं नाही.

साहेबांनी विचारलं, का उघडलीत? मी म्हटलं, बहीण आहे. त्यांनी मान खाली घातली आणि लिहून घेतलं. पुढचा हुकूम येईपर्यंत मी घरी. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, अकरा वर्षांच्या होत्या, कमरेला गार गार वाटत होतं. पोलिसांतही जबाब द्यायचाय, तो उद्या. त्याने तुला गाठलं कसं हे कोर्टात सांगावं लागेल, ते मी सांगेन, पूर्ण सांगेन. तुझ्या वकीलबाईंनी विचारलं तर त्यांनाही. त्या माझ्यावर काय करायचं ते करोत.

चष्मेवाली जिन्यात थांबली होती. मला वाटलं, सुटली म्हणून गळ्यात पडेल. मी आपली वाट बघत उभी. ती चष्मा पुसत म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला कॉम्प्युटर उघडायला दिला होता. लोकांची घरं नव्हती दिली."

बावीस-तेवीस वर्षांची पोर. तिला वर्षभर मावशी मावशी म्हणताना मी ऐकलं, त्यातली ही हाक शेवटची.

आता तुझ्या विचारण्याचं उत्तर.

पोरीने पत्राच्या शेवटी, तुला न विचारता असेल, नव्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते लिहिलं होतं. दोनच ओळी, मावशीला मजा वाटेल म्हणून. मी त्या एकदा वाचल्या आणि मला लगेच कळलं कुठलं असेल ते. माझं डोकं तसंच चालतं, काय करू? मग कात्री घेतली, तेवढ्या दोन ओळी कापल्या, शेगडीवर धरल्या, आणि राख मोरीत सोडली. तुझ्या पत्राला आता खाली भोक आहे. त्यातून माझं बोट जातं. मी त्या दिशेला पाऊल टाकलेलं नाही, टाकणारही नाही, तिकडून जाणारी बससुद्धा घेणार नाही. पण तू जागा बदलता आली तर बदल. आणि पोरीला सांग, खिडकीचं कुणाला लिहायचं नाही. मावशीला तर नाहीच. रागावू नकोस तिच्यावर, प्रेमानेच लिहिलंय तिने. मीही प्रेमानेच शोधलं होतं.

हात बरा झाला की बोटं रोज कोमट पाण्यात हलव, डॉक्टर नाही म्हणाले तरी हलव. आधी अंगठा. शिवायला लगेच बसू नकोस. नवं मशीन घेतेस का असं विचारणार होते, पण तेही नको सांगूस. कुठल्या दुकानातून घेतलं त्यावरूनही मी काढीन.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यामागे सध्या कामं पुष्कळ आहेत. रागावलीस तर राग वकीलबाईंकडे दे, त्या पोचवतील. नुसतं 'बरी आहे' एवढं महिन्याला कळलं तरी चालेल. नाही कळवलंस तरी मी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊन बसेन. विचारणार नाही काही. त्यांनी मान हलवली की उठेन.

कुणी मला पुन्हा विचारलं ना, हळू आवाजात किंवा मोठ्याने, की बहीण कुठे असते, तर मला खरोखर माहीत नसलं पाहिजे. आणि समोरचा म्हणाला, म्हणजे तुम्ही तिच्या कुणी नाही, तर मला मान खाली घालून फरशी पुसता आली पाहिजे. रोज सराव करतेय.

वकीलबाईंना आज जाऊन सांगते. पत्ता मला नको.

कुठे आहेस ते न विचारणारी,
तुझी
ताई